निपाणीत शिकलेली चार वाक्यं

मी घरात होतो. हे आधीच लिहून टाकतो, कारण निपाणीचा प्रवास, तिथली माणसं, तिथलं जेवण यांच्याबद्दल लिहायला लागलो की ही गोष्ट मागं मागं सरकत जाईल, हे मला माहीत आहे.

बराका आमच्या हिंडलग्याच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहत होता. टांझानियाचा मुलगा, बेळगावात फार्मसी शिकायला आलेला. दाराला बेल असूनही तो कधी बेल वाजवत नसे. जिन्याच्या पायथ्याशी, आमच्या दारापासून चार हात लांब उभा राहून "होडी" अशी हाक द्यायचा. आतून "करिबू", म्हणजे या, असं आलं की मगच पुढं यायचा. त्याच्या गावाकडची ही रीत. तीनदा हाक द्यायची, उत्तर आलं नाही तर मुकाट्यानं परत फिरायचं. दार ढकलायचं नाही, खिडकीतून डोकवायचं नाही. गल्लीतली पोरं सुरुवातीला "होडी कुठाय रं, तळ्यात?" म्हणून हसली. माझी बायको सुनंदा मात्र आठवड्याभरात करिबू म्हणायला शिकली. मी शिकलो नाही. म्हणजे शब्द मला येत होता, मी म्हणत नव्हतो. आमच्या दारात आमच्या भाषेत हाक मार, काका म्हण, नाहीतर बेल वाजव, असं मी त्याला बजावून ठेवलं होतं.

त्या दिवशी सकाळी एका कचेरीत खिडकीवरच्या कारकुनानं माझ्या मराठीला कन्नडमधून उत्तर दिलं. त्याला मराठी येत होती, मला कन्नड येते. दोघंही हटून बसलो आणि काम न होता मी घरी आलो. आमच्या भागात हे नवं नाही. हाकेला आपल्या भाषेत ओ मिळावी म्हणून आम्ही इथली माणसं उभं आयुष्य भांडत आलो आहोत. संध्याकाळी सुनंदा खानापूरला बहिणीकडं गेलेली. दिवे लागले नव्हते. मी चहा घेऊन वर्तमानपत्र उघडलं आणि बाहेरून "होडी" ऐकू आलं. मी गप्प राहिलो. मनात म्हटलं, आज तरी आमच्यासारखी हाक मारू दे. दुसरी हाक जरा बारीक आली. तिसरीला आवाज चिरकला. कागद वाजू नये म्हणून मी वर्तमानपत्र दोन्ही हातांनी मांडीवर दाबून धरलं होतं. मग पावलं जिना चढून गेली. मध्ये थांबत थांबत गेली, तेही मी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा वर्गमित्र बघायला आला तेव्हा बराका बेशुद्ध होता. मेंदूच्या आवरणाला सूज आलेली. मीच त्याला गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं आणि त्याबद्दल सगळ्यांनी माझं कौतुक केलं. तो वाचला. दोन्ही कान मात्र गेले, ते कायमचे. तोलही गेला, भिंत धरल्याशिवाय चालता येत नाही. आदल्या संध्याकाळी आणलं असतं तर कान वाचले असते का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. त्या उत्तरात मला थोडी सुटका सापडेल असं वाटलं होतं. ती सापडली नाही.

शुद्धीवर आल्यावर बराकानं मोबाइलवर इंग्रजीत लिहून मला विचारलं, त्या संध्याकाळी तुम्ही घरी नव्हता ना? मी त्याच्याच मोबाइलवर खाली लिहिलं, आम्ही दोघं खानापूरला गेलो होतो.

त्याला घरी न्यायला त्याची आई येणार असं ठरलं. तिला फक्त स्वाहिली येते. बराकाच्या देशातली बेळगावातली दुसरी मुलं परीक्षा संपवून गावी गेली होती. मोबाइल भाषांतर करून देतो हे मला माहीत आहे. पण मोबाइलवर खोटं किती सहज लिहिता येतं हे मी नुकतंच बघितलं होतं. मी फाउंड्रीत स्टोअर सांभाळतो. तिथले आमचे पाटील म्हणाले, माझे सासरे निपाणीला असतात, तंबाखूच्या कंपनीत पंधरा-वीस वर्षं टांझानियात होते, त्यांच्याकडं जाऊन चार दिवस राहा की. मी रजा टाकली.

निपाणी

बेळगावहून निपाणी म्हणजे काही लांब नाही. लग्नकार्याला, कोल्हापूरला जाता-येता शेकडो वेळा बघितलेलं गाव. काकती मागं पडली की हमरस्ता सगळा सारखाच, त्यामुळं वाटेबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तवंदीचा घाट उतरला आणि खिडकीतून तंबाखूचा वास आला तेव्हा मी हातातली बेळगावी कुंद्याची, म्हणजे आमच्याकडच्या खव्याच्या मिठाईची, पेटी नीट धरली आणि पहिल्यांदाच त्या गावात काहीतरी मागायला म्हणून उतरलो.

उन्हं चढली होती. गल्लीत सावलीच्या बाजूनं बायका उंबऱ्यांवर बसून विड्या वळत होत्या. मांडीवर सूप, सुपात पानं आणि जर्दा, आणि बोटं अशी चाललेली की त्या बोटांकडं बघतसुद्धा नव्हत्या. पाटलांच्या सासऱ्यांचं, भूपालआप्पांचं, घर विचारलं तर एकीनं मान वर न करता म्हटलं, "आफ्रिकेचं आप्पा व्हय? त्ये बगा निळं दार. मोठ्यांदा हाक मारा, कानानं कमी हाईत." कानाचं नाव निघाल्यावर मी क्षणभर तिथंच थांबलो.

आप्पा ऐंशीच्या घरातले, किडकिडीत, पांढरा सदरा आणि धोतर. मी का आलोय हे पाटलांनी फोनवर सांगितलं होतं, म्हणजे मी पाटलांना सांगितलं होतं तेवढंच: भाडेकरू पोराची आई येतीय, तिच्याशी चार शब्द बोलता यावेत. आप्पा खुश झाले. इतक्या वर्षांत ही विद्या कुणी मागितली नव्हती. चहा व्हायच्या आतच मला घेऊन मागच्या वखारीत गेले. वखार आता रिकामी. कोपऱ्यात मोठा जुना काटा गंजत पडलेला आणि भिंतींना अजून वास. तिथं उभं राहिल्यावर म्हातारा एकदम ताठ झाला.

"बेबा, म्हंजे उचल. लेते, म्हंजे आण. पीमा, वजन कर. हराका, लवकर." प्रत्येक शब्दाबरोबर बोट नाचत होतं. फुंगा म्हणजे बंद कर. ओंडोका म्हणजे चालता हो. तंबाखूला तिकडं तुंबाकू म्हणतात हे सांगून ते खूप हसले. मी म्हटलं, आप्पा, मला माफ करा याला काय म्हणतात? त्यांनी विचार केला. वर छताकडं बघितलं, काट्याकडं बघितलं.

"न्हाय बा," ते म्हणाले. "त्यो शबुद आमाला कदी लागला न्हाय."

तेवढ्यात दारात त्यांची बायको, पद्माक्का, येऊन उभी राहिली. "बास करा आता. हितं मजूर न्हाईत तुमचं. च्या गार व्हायला लागलाय."

चहा पिताना माझ्या लक्षात आलं की मी बराकाशी दीड वर्षात जे बोललो होतो तेही असंच होतं. दिवा घालव. गेट लाव. मित्र आणू नको. पाणी कमी वापर.

जैनांचं घर, त्यामुळं दिवस मावळायच्या आत जेवण. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, सगळं बिनकांद्या-लसणाचं. आमच्याकडं लसणाशिवाय चटणी म्हणजे मीठ नसलेली वाटते, पण त्या दिवशी मी तीन भाकरी खाल्ल्या. आक्का वाढता वाढता बोलत होत्या. आप्पा कंपनीत जायचे तेव्हा टांझानियातल्या ताबोरा गावात त्या दिवसभर एकट्या. शेजारच्या बायकांनी त्यांना बाजारात नेलं, मक्याच्या पिठाची उगाली कशी घोटायची ते दाखवलं, बाळंतपणात अंगावरून पाणी घातलं. भाषा त्यांनी अशी उचलली, भाजी निवडता निवडता. "ह्यांची भाषा वखारीतली," त्या म्हणाल्या. "माजी चुलीम्होरची. तुला कंची पायजे ती घे."

दुसऱ्या दिवशी

आक्कांनी मला लिहू दिलं नाही. कागदावर ठेवलं की त्ये कागदावरच ऱ्हातंय, असं त्यांचं म्हणणं. मग त्या तांदूळ निवडत बसल्या आणि मी समोर शाळेतल्या पोरासारखा.

चाकुला म्हणजे जेवण, माजी म्हणजे पाणी, असांते म्हणजे आभार. बराकाच्या आईला नावानं हाक मारायची नाही, "मामा बराका" म्हणायचं, म्हणजे बराकाची आई. आपल्याकडं शेजारणीला बाळूची आई म्हणतात तसं. इथपर्यंत सोपं होतं. मग आक्कांनी विचारलं, बाई वयानं किती असेल? मी म्हटलं, पंचेचाळीस-सेहेचाळीस. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान.

"मग ती तुला शिकामू म्हणणार. आपण वाकून पाया पडतो, तिकडं त्ये तोंडानं म्हणत्यात. आन् तू माराहाबा म्हणायचं. म्हंजे, घेतला तुजा नमस्कार."

मी म्हटलं, तिनं मला नमस्कार कशाला करायचा? नको. मी नुसतं हात जोडीन.

"असं न्हाय चालत रं. उत्तर न देणं म्हंजे तोंडावर दार लावल्यागत हाय. थोरल्यानं माराहाबा म्हणायलाच लागतंय."

मी पुन्हा पुन्हा म्हटलं, माराहाबा, माराहाबा. मधेच रुमालानं तोंड पुसलं. आप्पा ओट्यावरून ओरडले, "जावायाचा सोबती रडतोय काय गं?" आक्का म्हणाल्या, "आफ्रिकेला निघालाय, भ्या वाटतंय त्याला."

त्या दिवशीचा एक शब्द मला फार आवडला: पोले. कुणी आजारी असेल, कुणाला ठेच लागली, कुणाचं माणूस गेलं, नुसतं उन्हातून दमून आलं तरी म्हणायचं, पोले. तुमच्या दुःखाचं मला वाईट वाटतं. मराठीत असा शब्द नाही. आपण अरेरे म्हणतो, पण तो आपल्यापाशीच राहतो. आक्का म्हणाल्या, ह्यात आपली चूक असायला लागत न्हाय, कुणीबी कुणालाबी म्हणावं. मी तो शब्द घट्ट धरला. मला वाटलं, सापडला. बराकाच्या आईसमोर मी पोले म्हणेन, खरोखर डोळ्यांत पाणी आणून म्हणेन, तिलाही बरं वाटेल, आणि बाकी काही सांगावं लागणार नाही. संध्याकाळी भाकरी खाताना मला कित्येक आठवड्यांनी हलकं वाटलं. इतकं हलकं वाटलं याची आज लाज वाटते.

तिसरा दिवस

झोपायची सोय माझी वखारीलगतच्या खोलीत होती. आक्कांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की सकाळी घरात यायचं ते रीतीनं, होडी म्हणून. तसा मी आवरून दारापासून चार हात लांब उभा राहिलो आणि हाक दिली. उत्तर नाही. आप्पा देवळात गेलेले, ते मी बघितलं होतं. आक्का मात्र आत होत्या. दाराच्या फटीतून त्यांच्या पांढऱ्या लुगड्याचा काठ दिसत होता. मी दुसऱ्यांदा हाक दिली. आत बांगडी वाजली. समोरच्या विडीवाल्या बायकांनी हात थांबवून माझ्याकडं बघितलं. तिसऱ्यांदा मी जरा मोठ्यानं म्हटलं आणि माझाच आवाज चिरकलेला मला ऐकू आला.

तीनदा झाल्यावर परत फिरायचं. मी फिरलो. वखारीपर्यंत पन्नास पावलंसुद्धा नसतील, पण पाय उचलेनात. मला ताप नव्हता, डोकं फुटत नव्हतं, मी माझ्या मुलखात होतो आणि आतली बाई मला ओळखत होती. तरीही त्या तेवढ्या वाटेवर मी दोनदा थांबलो. कशाला थांबलो ते सांगता येत नाही. मागून कुणी बोलवेल असं वाटत असणार. बराकाही जिन्यात थांबला होता.

थोड्या वेळानं आक्का स्वतःच वखारीच्या दारात आल्या. हसत होत्या. "सामायिकाला बसले हुते रं. मौन असतंय, उठता येत न्हाय. कुंदा आणणाऱ्याला उपाशी ठेवीन व्हय मी?" मग माझं तोंड बघून हसणं थांबलं. त्या उंबऱ्यावर टेकल्या आणि मी त्यांना सगळं सांगितलं. कचेरी, चहा, तिन्ही हाका, दाबून धरलेलं वर्तमानपत्र, खानापूर. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होतो.

आक्कांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे पोले तुज्या उपेगाचा न्हाय."

मी म्हटलं, आक्का, असं शिकवा: तो आला होता, पण मला नीट ऐकू आलं नाही. एवढं सांगितलं तरी माझ्या मनावरचं ओझं उतरेल. बरंचसं खरंच आहे. आणि पोराला आता खरं सांगून त्याचे कान येणार आहेत का?

"न्हाय येणार. पर खोटं बोलायला दुसऱ्याची भाषा शिकू ने. त्याला तुजी मराठी हाय की."

एवढं तोडून बोलल्यावर त्याच बाईनं मला भाकरी-चटणी आणून दिली आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिली. मग मला चार वाक्यं दिली. अलिपिगा होडी: त्यानं हाक दिली. निलिसिकिया: मी ऐकलं. सिकुजिबू: मी उत्तर दिलं नाही. निसामेहे: मला क्षमा करा. दिवसभर मी ती म्हणत राहिलो. दुसरं आणि तिसरं वाक्य एकामागून एक यायला दुपार झाली. मधे थांबलो की आक्का हातातलं काम न थांबवता म्हणायच्या, "म्होरं."

निघताना आप्पांनी मला एस.टी. स्टँडवर सोडलं. त्यांना काय घडलंय ते आक्कांनी सांगितलं होतं की नाही, कळलं नाही. गाडी सुटताना ते खिडकीशी येऊन म्हणाले, "त्यो शबुद मलाबी सांगून ठेव बाबा, काय म्हणालास त्यो?" मी सांगितला. त्यांनी कानावर हात धरून ऐकला आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटत उभे राहिले. गाडी वळेपर्यंत मला ते दिसत होते.

परत हिंडलगा

बराकाची आई बेळगाव स्टेशनवर उतरली. उंच, हडकुळी बाई, डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं, प्रवासानं पाय सुजलेले. मला बघून तिनं मान लववली आणि म्हणाली, "शिकामू." फलाटावर माणसं आमच्याकडं बघत होती. मी म्हटलं, "माराहाबा." म्हणायलाच लागतं. तिच्या भाषेतलं उत्तर ऐकून तिचा चेहरा असा उजळला की मला खाली बघावं लागलं.

वरच्या खोलीत ती मुलाजवळ राहिली. सुनंदानं मक्याचं पीठ आणून दिलं आणि ती रोज उगाली घोटायची. आम्हालाही वाटीभर खाली यायची. घट्ट, अळणी, भाजीत बुडवून खायची. आमच्या तोंडाला चव लागत नव्हती, तरी आम्ही ताटात काही ठेवलं नाही. मुलाला ती अंगणात फिरवायची, त्याची बोटं आपल्या खांद्यावर ठेवून. त्याच्याशी सारखी बोलायची, त्याला ऐकू येत नाही हे माहीत असून. आणि मी दिसलो की असांते म्हणायची. हॉस्पिटलात नेलं म्हणून असांते, खोली दिली म्हणून असांते. खानापूरहून लवकर परत आलात म्हणून देवाचे आभार, असं एकदा तिनं हातवाऱ्यांनी सांगितलं. म्हणजे बराकानं तिला तेही सांगितलं होतं. सुनंदा तेव्हा भांडी घासत होती. मी घरातच होतो हे तिला माहीत होतं. तिनं मला कधी काही विचारलं नाही, पण त्या दिवसापासून दाराशी कुणी आलं की ती उठत नाही. मी उठेपर्यंत बसून राहते.

रोज सकाळी मी ती चार वाक्यं म्हणायचो आणि रोज संध्याकाळी उद्यावर टाकायचो. असं करता करता त्यांच्या निघण्याचा आदला दिवस आला.

दिवेलागणीच्या सुमाराला मी जिना चढलो. घर माझं, जिना मी बांधलेला, दाराला रंग मी दिलेला. दारापासून लांब उभा राहिलो आणि म्हटलं, "होडी."

पहिल्याच हाकेला आतून आलं, "करिबू."

ती बॅग भरत होती. बराका भिंतीला टेकून खाटेवर बसला होता. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "मामा बराका. अलिपिगा होडी." माझं बोट बराकाकडं गेलं, मग खाली, आमच्या दाराकडं. "निलिसिकिया." इथं थांबलो. आक्कांचं म्होरं आठवलं. "सिकुजिबू. निसामेहे."

तिच्या हातात बराकाचा सदरा होता. तो तिनं घडी केला. उलगडला. पुन्हा घडी केला. तिला समजलं नाही असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, त्याही क्षणी मला क्षणभर बरं वाटलं. मग तिनं माझ्याकडं बघितलं, आणि तिला सगळं समजलं होतं. ती ओरडली नाही, रडली नाही. पोले म्हणाली नाही. मुलाच्या उशाशी पडलेला मोबाइल उचलून तिनं माझ्यापुढं धरला आणि हनुवटीनं बराकाकडं खूण केली.

हॉस्पिटलापासून आम्ही एकमेकांशी लिहून बोललेलं सगळं त्यात होतं. पाणी हवं का, दुखतंय का, आई कधी येणार. मी वर वर सरकत गेलो. आम्ही दोघं खानापूरला गेलो होतो, हे माझं वाक्य तिथं जसंच्या तसं होतं. ते मी पुन्हा खाली लिहिलं, आणि त्याच्यापुढं, हे खोटं आहे. बराका माझ्या बोटांकडं बघत होता. मग बाकीचं लिहिलं आणि मोबाइल त्याच्या डोळ्यांसमोर धरला.

मी घरात होतो. तू तीनदा हाक दिलीस. तिन्ही मी ऐकल्या. मी उत्तर दिलं नाही. बराका, मला क्षमा कर.